भिंतीला लागून

माझ्या बेडरूमची भिंत सरळ नाही हे मला कळलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि खोलीत १७ खोकी पडली होती. त्यातली ६ उघडलेली. एक फ्रेम जोडून जमिनीवर आडवी झोपवलेली. तिला ओलांडून मला बाथरूमला जावं लागत होतं.

ही चूक इतकी बाळबोध आहे की लिहायलाही लाज वाटते. भिंत ते भिंत अंतर मी जमिनीलगत मोजलं होतं. ३०२ सेंटिमीटर. आयकियाच्या पॅक्स कपाटाच्या फ्रेम ५०, ७५ आणि १०० सेंटिमीटर रुंदीच्या येतात. १००च्या तीन घेतल्या की ३ मीटर, वर २ सेंटिमीटर मोकळे. इतकं सुंदर जमणारं गणित मी बारावीनंतर पाहिलं नव्हतं. मग त्या रात्री, का कोण जाणे, टेप डोक्याच्या उंचीवर धरला. २९९.

पुन्हा धरला. २९९.

ज्यांना पॅक्स माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: हे सपाट खोक्यांत येणारं कपाट. बाजू, तळ, छत, पाठ सगळं सुटं, सोबत शब्द नसलेलं चित्रांचं पुस्तक आणि स्क्रूंची पिशवी. उंची २०१ किंवा २३६, खोली ३५ किंवा ५८. असं सुटं फर्निचर सपाट खोक्यात विकायची कल्पना आयकियाला १९५० च्या दशकात सापडली. गिलिस लुंडग्रेन नावाच्या त्यांच्या माणसाला एक टेबल गाडीत मावेना म्हणून त्याने त्याचे पाय काढले, अशी ती गोष्ट सांगतात. पाय काढलेलं टेबल ठीक आहे, ते खोलीच्या मध्ये कुठेही उभं राहतं. पण मला कपाट ‘बिल्ट-इन’ दिसायला हवं होतं. भिंतीतून उगवल्यासारखं. वर फट नाही, बाजूला फट नाही, मागे पडलेला मोजा काढायला काठी लागत नाही, असं.

इंटरनेटवर याचे शेकडो व्हिडिओ आहेत. गोरं जोडपं, शनिवार सकाळ, हातात कॉफी. लाकडी स्कर्टिंग पहारीने टक्कन उचकटतात, खाली लाकडी बेस करतात, त्यावर पॅक्स ठेवतात, बाजूच्या फटीत पट्ट्या बसवतात, वर रंग. रविवारी संध्याकाळी कुत्रं त्या खोलीत झोपलेलं. मी असे चाळीसेक व्हिडिओ पाहिले असतील. त्यांतल्या एकाही घराला माझ्यासारखं टाइल्सचं स्कर्टिंग नव्हतं. माझं १० सेंटिमीटर उंच, भिंतीपासून १२ मिलिमीटर पुढे, सिमेंटने चिकटवलेलं. ते उचकटायचं म्हणजे भिंतीचा पापुद्रा सोबत येणार. ते ठेवून कपाट लावायचं म्हणजे मागे १२ मिलिमीटरची फट, वरपासून खालपर्यंत.

फ्लॅट पुण्यात, रावेतला. दोन बेडरूम, २० वर्षांचा हप्ता. इंटीरियरवाल्याने एका भिंतीच्या कपाटाचा जो आकडा सांगितला तो ऐकून मी आणि बायको लिफ्टमध्ये एकमेकांशी बोललोच नाही. पॅक्स निम्म्याहून कमीत बसत होतं. पण पैसे हे अर्धंच कारण. उरलेलं अर्धं कारण म्हणजे माझे मामा सुतार आहेत.

कराडजवळच्या एका गावात त्यांचा पत्र्याच्या शेडचा कारखाना. आमच्या नात्यात असं एकही घर नसेल जिथे मामांच्या हातची एखादी वस्तू नाही. आईचं देवघर, मावशीचा दिवाण, सोलापूरच्या आमच्या घरातलं माझं अभ्यासाचं टेबल. त्या टेबलावर मी सीईटीचा अभ्यास केला. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी फी भरायला पैसे कमी पडले तेव्हा मामांनी एका ऑर्डरचा ॲडव्हान्स वडिलांच्या हातात ठेवला होता, तो परत घ्यायला ते कधी तयार झाले नाहीत. विषय काढला की म्हणायचे, ‘बघू की.’

आता अशा माणसाला तुम्ही काय सांगाल? ‘मामा, कपाट करायचंय’ म्हटलं असतं तर ते दुसऱ्या दिवशी एसटीत बसले असते. हॉलमध्ये पंधरा-वीस दिवस भुसा, फेविकॉलचा वास, आणि शेवटी पैशांचं नाव काढलं की ‘बघू की’. आणि न सांगता दुकानातून आणलं म्हणावं, तर सुताराच्या भाच्याने भुशाची फळी विकत आणली. मी तिसरा मार्ग काढला. कोणालाच काही सांगितलं नाही. गृहप्रवेशाच्या फोटोंतही त्या भिंतीचा फोटो नव्हता.

तर, साडेअकरा. मी फ्रेमच्या बाजूला जमिनीवर बसलो होतो. बायको म्हणाली, ‘तू फोन कर.’ कोणाला ते तिने सांगितलं नाही.

सकाळी केला. मी आधी खूप प्रस्तावना केली. मामा सगळं ऐकून म्हणाले, ‘वरनं मोजलंस का?’

‘नाही.’

‘मधी?’

‘नाही.’

‘मंग काय मोजलंस लेका.’ आणि मग, ‘एक फ्रेम बदलून कमी रुंदीची मिळती का बघ. न उघडलेली आसंल तर घेतील. शुक्रवारी येतो.’

फ्रेम बदलून मिळते हे त्यांना कसं माहीत, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. पडला नाही.

शुक्रवारी ते आले. हातात नेहमीची कळकट कापडी पिशवी: रंधा, पटाशी, करवत, गुण्या, ओळंबा. खांद्याला मात्र दुसरी, काळी, चेनची बॅग. चहाही न घेता खोलीत गेले. आडव्या फ्रेमच्या दोन विरुद्ध कोपऱ्यांना दोरी लावून पाहिली, मग दुसऱ्या दोन. सारखी भरली. ‘गुण्यात हाय,’ म्हणाले. गुण्यात म्हणजे काटकोनात. मला आपण काहीतरी बरोबर केल्याचा इतका आनंद झाला की विचारू नका.

मग भिंतीला ओळंबा लावला. दोरीच्या टोकाचा लोखंडी गट्टू डुलत डुलत थांबला. वर दोरी भिंतीपासून दोन बोटं, खाली साडेतीन. दोन्ही भिंती वरच्या अंगाला आत झुकलेल्या. एका बाजूला काँक्रीटचा कॉलम, दुसऱ्या बाजूला ब्लॉकची भिंत. दोन्हींचा मेळ बसवायला गवंड्याने प्लास्टर कमी-जास्त केलेलं. ‘गवंड्यानं लपवलंय, आता आपन लपवायचं,’ मामा म्हणाले. मी माझ्या कंपनीत हेच काम करतो, पण ते त्यांना सांगितलं नाही.

फरशीची लेव्हल त्यांनी पाण्याच्या नळीने काढली. पारदर्शक नळी, अर्धी पाण्याने भरलेली, एक टोक मी धरलं, एक त्यांनी. दोन्हीकडे पाणी एकाच उंचीला राहणार, भिंतीवर दोन खुणा करायच्या आणि खुणेपासून खाली फरशी मोजायची. माझ्या फोनमध्ये लेव्हलचं ॲप होतं. तीन मीटरच्या अंतरात फरशी ९ मिलिमीटर उतरते, हे त्या ॲपने मला कधीच सांगितलं नव्हतं. ते फोन जिथे टेकवू तेवढ्यापुरतंच सांगतं.

त्यानंतर त्यांनी काळी बॅग उघडली.

आत बॅटरीवरचं ड्रिल. मॅग्नेटचे बिट. बिजागऱ्यांची भोकं पाडायचा साचा. एका डबीत गोल मिनिफिक्सचे नट, आकारानुसार लावलेले. पॅक्सच्या पिशवीतला स्क्रू त्यांनी दोन बोटांत धरला, फिरवून पाहिला आणि चित्रांचं पुस्तक न उघडता दुसऱ्या फ्रेमची बाजू उचलली. मी पहिली फ्रेम जोडायला तीन तास घेतले होते. त्यांनी दुसरी पाऊण तासात जोडली. पाठीची पातळ फळी ठोकताना पुढचे खिळे ओठांत, अगदी देवघर करताना धरायचे तसेच.

‘मामा, तुम्ही हे आधी केलंय?’

खिळे ओठांत होते म्हणून त्यांना लगेच उत्तर द्यावं लागलं नाही.

कारखाना बंद होऊन तीन वर्षं झाली होती. शेड एका टाइल्सवाल्याला गोडाऊन म्हणून भाड्याने दिलेली. मामा कराडच्या एका मॉड्युलर किचनच्या दुकानासाठी फिटर म्हणून जातात, रोजावर. फळ्या फॅक्टरीतून कापून, एज बँड लावून, भोकं पाडून येतात. हे घरी जाऊन जोडतात. मामींना माहीत होतं. आईला नव्हतं. आई भाऊबीजेला जायची तेव्हा दिवाळीची सुट्टी म्हणून शेड बंद असायचीच. (हे लिहिण्याआधी मी त्यांना विचारलं. ‘लिही, नाव नको घालू’ म्हणाले. आईला त्यांनी स्वतःच सांगितलं, यंदाच्या भाऊबीजेला.)

म्हणजे मी खोकी लपवत होतो, आणि ते बॅग.

‘वाईट नाही वाटत?’ मी विचारलं. असले प्रश्न इंजिनिअरच विचारतात.

ते म्हणाले, आजा गाडीची चाकं करायचा. आजा म्हणजे आईचे आजोबा. चाकाचा तुंबा, त्यात आरे, वर लोखंडी धाव. गावातल्या बाराजणांच्या गाड्या, नांगर, कुळव सगळं तोच बघायचा आणि सुगीला त्याचं बलुतं घरी यायचं, पायली-पायलीनं धान्य. मग साखर कारखाने आले, उसाच्या टायरगाड्या आल्या. टायरला आरे लागत नाहीत. ‘आजा चौकटी करायला लागला. दारं, खिडक्या. मी कपाटं, दिवाण. आता ह्ये.’ त्यांनी फ्रेमवर थाप मारली. ‘रडत बसाय वेळ कुणाला हाय.’

पण थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखं: ‘ह्यात एक वाईट हाय. स्क्रू चुकला आन काढून परत मारला तर धरत न्हाई. लाकूड धरतं. दोनदा, तीनदा, धरतं.’

पार्टिकल बोर्डबद्दल याहून नेमकं मी कुठल्याही रिव्ह्यूत वाचलेलं नाही.

खरं काम शनिवारी झालं, आणि त्यातलं फ्रेमशी संबंधित असं जवळजवळ काहीच नव्हतं. पहिल्यांदा बेस. स्कर्टिंगला हात लावायचा नाही, असं मामांनी ठरवलं. स्कर्टिंगच्या उंचीचा, १० सेंटिमीटरचा लाकडी बेस करायचा आणि कपाट त्यावर चढवायचं. म्हणजे कपाटाची पाठ स्कर्टिंगच्या वरून थेट भिंतीला टेकणार. खालची ९ मिलिमीटरची उतरण बेसच्या खाली पाचरी घालून मारायची. चाळीस व्हिडिओंत मला न सापडलेलं उत्तर त्यांनी विडी पेटवायच्या आत दिलं. (विडी बाल्कनीत. बायको घरात होती.)

वर बीम. त्याचा तळ फरशीपासून २५० वर. इथे माझी डिग्री एकदाच कामाला आली. २३६ उंच, ५८ खोल फ्रेम आडवी जोडून उभी करताना कर्णावर फिरते. पायथागोरस लावला तर कर्ण २४३. बेसवर ठेवून उभी करायला गेलो तर २५३ लागणार, म्हणजे बीमला अडकणार. म्हणून खोलीच्या मध्ये, जिथे छत उंच आहे, तिथे उभी करायची आणि मग दोघांनी उचलून बेसवर सरकवायची. मी हे कागदावर काढून मामांना दाखवायला गेलो. ते दोरी फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यापासून वरच्यापर्यंत ताणून टेपला लावत होते. ‘दोनशे त्रेचाळीस,’ म्हणाले. मी कागद खिशात ठेवला.

दोन फ्रेम १००च्या, एक ७५ची. मिळून २७५. वर २४ उरले, खाली २७. मामांनी दाराकडच्या बाजूला प्लायचा १८ रुंदीचा उघडा रॅक केला, पुस्तकांसाठी. आणि दोन्ही भिंतींशी पट्ट्या, वर ३ सेंटिमीटर, खाली साडेचार. मला वाटत होतं पट्टी फक्त फट झाकायला असते. तसं नाही. खिडकीकडे कपाटाचं दार भिंतीला अगदी चिकटून आलं असतं तर ते पूर्ण उघडलंच नसतं, हँडल भिंतीवर आपटलं असतं आणि आतले ड्रॉवर दाराला अडकले असते. ती तीन बोटांची मोकळी जागा लागतेच. ‘फट ठिवायची आन मग ती दिसू द्यायची न्हाई.’

पट्टी भिंतीला बसवायची पद्धत मी आधी व्हिडिओत पाहिली होती, पण समोर पाहणं वेगळं. पट्टी मापापेक्षा रुंद घ्यायची. भिंतीजवळ ओळंब्यात उभी धरायची, म्हणजे पट्टी सरळ, भिंत वाकडी, मध्ये कमी-जास्त फट. मग लाकडाचा एक छोटा तुकडा घ्यायचा, त्याची एक बाजू भिंतीला टेकवायची, दुसऱ्या बाजूला पेन्सिल, आणि वरपासून खालपर्यंत सावकाश ओढत न्यायचं. भिंत जिथे आत जाते तिथे पेन्सिल आत, जिथे फुगते तिथे बाहेर. खाली पोचेपर्यंत भिंतीची सगळी रेघ पट्टीवर उतरलेली असते. स्विचबोर्डच्या वर वायरिंगची झिरी बुजवताना गवंड्याने प्लास्टर फुगवून ठेवलं होतं. तो फुगवटा मी रोज पाहत होतो, दिसला कधीच नव्हता. पट्टीवर तो एखाद्या टेकडीसारखा स्पष्ट आला.

पट्टी मी धरली होती. मामा गुडघ्यावर बसून पेन्सिल खाली आणत होते आणि मला दिसलं की त्यांचा हात थरथरतो आहे. ड्रिल धरताना थरथरत नव्हता. इथे, जिथे रेघ एकदाच ओढायची असते, तिथे थरथरत होता. त्यांनी पेन्सिल उचलली, हात झटकला आणि तुकडा माझ्याकडे दिला. ‘तू वढ. भितीला टेकव फक्त. बाकी ती सांगती.’

मी ओढली. दोन ठिकाणी तुकडा भिंतीपासून सुटला, मामांनी पुन्हा ओढायला लावली. करवतीने रेघेच्या जरा बाहेरून त्यांनीच कापलं आणि रंध्याने रेघेपर्यंत आणलं. पट्टी भिंतीला लावली. मधून प्रकाश येतो का ते पाहायला मी मागून फोनचा टॉर्च धरला. फक्त एका जागी, खाली, नखाएवढी रेघ दिसली. माझी सुटलेली जागा. ‘ऱ्हाऊ दे,’ मामा म्हणाले, ‘तिथं रंग भरतो.’

आमच्या धंद्यात एज केस म्हणजे शेवटी पाहू म्हणून ठेवलेली, मग रिलीजची तारीख आली की सोडून दिलेली गोष्ट. इथे खोकी जोडायला एक दुपार लागली होती आणि कडा बसवायला दोन दिवस.

दुसरी पट्टी, वरची बीमखालची पट्टी, मग फ्रेम एकमेकींना आणि भिंतीला पक्क्या करणं. तेवढं उंच कपाट भिंतीला बांधलं नाही तर उघडलेल्या दारांच्या आणि ड्रॉवरच्या वजनाने पुढे येऊ शकतं, हे चित्रांच्या पुस्तकातही आहे. पट्ट्यांच्या सनमायकासाठी आम्ही एक दार गाडीत घालून भवानी पेठेच्या टिंबर मार्केटला गेलो. दुकानदाराने कॅटलॉग उघडलं. पांढऱ्याचे १४ प्रकार. मामा दार घेऊन उन्हात उभे राहिले आणि नमुने एकेक करून त्यावर ठेवत गेले. दुकानदाराला वाटलं गिऱ्हाईक चिकट आहे. नवव्याला मान डोलावली.

रविवारी संध्याकाळी सगळं झालं. आमच्याकडे कुत्रं नाही, पण बायको त्या खोलीत येऊन फरशीवर आडवी झाली आणि बराच वेळ वर पाहत राहिली. कुठे आयकिया संपतं आणि कुठे मामा सुरू होतात ते कळत नव्हतं.

मी फोन काढला. ‘मामा, तीन दिवसांचे किती?’

मी ‘बघू की’ची वाट पाहत होतो. वाद घालायची पूर्ण तयारी होती. मामांनी हात पुसले, आकडा सांगितला. दुकान देतं तोच रोज, गुणिले तीन, वर प्लायचे आणि सनमायकाचे. एसटीचं भाडं त्यांनी धरलं नव्हतं. क्यूआर कोड दाखवला. मी जास्त टाकणार होतो. त्यांनी स्क्रीनकडे पाहत म्हटलं, ‘तेवढंच.’ पैसे गेले. त्यांच्या फोनमधून मोठ्याने आकडा बोलला गेला, पूर्ण, रुपयांसकट, आणि आम्ही दोघंही जरा दुसरीकडे पाहिलं.

फीच्या पैशांचा विषय मी तेव्हा काढला नाही. अजूनही काढलेला नाही.

सोमवारी आईचा फोन आला. मामा येऊन गेल्याचं तिला मामींकडून कळलं होतं. मी कपाटाचा फोटो पाठवला. तिने झूम केलं असणार, कारण थोडा वेळ काहीच बोलली नाही.

‘सगळं त्यानंच केलं?’

‘हो,’ मी म्हटलं. ‘एक रेघ सोडून.’

‘कुठली?’

मी खाली वाकून, पट्टीच्या तळाशी, रंग भरलेली जागा शोधायला लागलो.